३१ किलो उतरल्यानंतरचं ताट

काट्यावर ६७ दिसलं त्या सकाळी मी देवापुढे साखर ठेवली होती. ९८ किलोंवरून तिथवर यायला मला सोळा महिने लागले. शाळेतल्या बायका, आमच्या जुळे सोलापूर भागातले शेजारी, माहेरची माणसं, सगळ्यांनी कौतुक केलं. 'कसं केलंस?' असं कितीतरी जणांनी विचारलं. 'आता उद्यापासून काय खाणार?' असं एकानेही विचारलं नाही, आणि माझ्याकडे त्याचं उत्तरही नव्हतं.

उत्तर नव्हतं म्हणून मी तेच पुढे रेटत राहिले. सकाळी एक भाकरी, दुपारी डब्यात काकडी आणि ताक, रात्री भाज्यांचं सूप, दोन वेळा चालणं. तीन महिन्यांत वेणी घालताना मुठीत केस यायला लागले. फळ्यावर लिहून वळले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वजन उतरणं तर कधीच थांबलं होतं. मग दिवाळी आली, फराळाचे डबे उघडले, आणि इतके दिवस रोखून धरलेलं सगळं एकदम सुटलं. पुढच्या सात महिन्यांत ८ किलो परत आले.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, आहारतज्ज्ञांपुढे वही उघडून बसले, डॉक्टरांना प्रश्न विचारले. आज अडीच वर्षं माझं वजन ६९ ते ७१ च्या मध्ये आहे. ज्यांचं वजन १५, २०, ३० किलोंनी उतरलंय आणि पुढे काय हे ज्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वजन उतरवणं हे एक काम आणि उतरलेलं टिकवणं हे दुसरं. पहिल्या कामाची पद्धत दुसऱ्याला लावली की माणूस थकतो, घसरतो आणि मग दोष स्वतःला देतो. मी तो दोष जवळजवळ वर्षभर स्वतःला दिला.

खर्च का आटतो

घरात सहा माणसं असताना महिन्याला जेवढी ज्वारी लागायची, तेवढी चार माणसं उरल्यावर लागत नाही. शरीराचंही तसंच. ९८ किलोंचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी ६७ किलोंच्या शरीरापेक्षा जास्त ऊर्जा जाळतं, कारण त्याला जास्त पेशी पोसायच्या असतात आणि प्रत्येक पावलाला जास्त ओझं उचलायचं असतं.

आहारतज्ज्ञ मिफ्लिन–सेंट जॉर नावाचं एक सूत्र वापरतात. वजन, उंची, वय आणि स्त्री की पुरुष हे त्यात घातलं की पडून असताना दिवसाला किती कॅलरी लागतात त्याचा अंदाज मिळतो. माझी उंची १६० सेंटिमीटर, वय तेव्हा ४१. ९८ किलोंना हा अंदाज सुमारे १,६१० येतो, ६७ किलोंना सुमारे १,३००. त्यात बेताच्या हालचालीचा खर्च मिळवला तर आधी दिवसाला साधारण २,२५० लागत होत्या, नंतर १,८२० च्या आसपास. फरक ४३० कॅलरींचा. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर तिच्यात साधारण २०० कॅलरी असतात. म्हणजे जुन्या मला जे पुरत होतं त्यातल्या रोजच्या दोन भाकऱ्या नव्या मला कायमच्या जास्त होतात. यात शिक्षा कसलीच नाही, शरीराचा हिशेबच लहान झालेला असतो.

यावर आणखी एक थर चढतो. वजन वेगाने उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं आणि आकाराच्या मानाने जितका खर्च कमी व्हायला हवा त्याहूनही जास्त काटकसर करतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला दुष्काळातली काटकसर वेगळी समजावून सांगायला नको. पाऊस पडला तरी पुढची दोन-तीन वर्षं माणूस हात आखडताच ठेवतो. शरीरही तसंच वागतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक पाहणी छापली. वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना त्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. तरीही त्यांचं शरीर पडून असताना अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हे टोकाचं उदाहरण आहे. ती माणसं रोज कित्येक तास घाम गाळून आणि अगदी थोडं खाऊन वजन उतरवत होती. हळू उतरवणाऱ्यात ही काटकसर पुष्कळ कमी असते. पण ती असते, आणि 'मी काहीच खात नाही तरी वजन हलत नाही' असं म्हणणारी बाई दर वेळी खोटं बोलत नसते.

आणि भूक

माझी आई म्हणायची, "जेवून उठलीस ना, मग परत डब्याकडे हात का जातो?" मला सांगता यायचं नाही. आता येतं.

चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडतात. शिल्लक साठा किती आहे याची खबर त्यातून मेंदूला मिळते. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू समजतो की कोठार रिकामं होत चाललंय. उलट पोटात तयार होणारं घ्रेलिन हे भूक लावणारं संप्रेरक वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर झालेले हे बदल वर्ष उलटून गेल्यावरही पुरते निवळलेले नव्हते. आणखी एका मोजणीत, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला २० ते ३० कॅलरींनी घटतो, तर भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते, असं दिसलं. हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. टिकवण्याच्या काळात मुख्य झुंज या वाढलेल्या भुकेशी असते, आणि ती नुसत्या मनोनिग्रहाने जिंकता येत नाही. थोड्या कॅलरीत पोट भरेल आणि भरलेलं राहील, असं ताट लागतं.

ताट कसं बदलायचं

पहिली गोष्ट, तूट थांबवायची. वजन उतरवताना आपण खर्चापेक्षा कमी खातो, ती तूट. ठरवलेल्या वजनाला पोचल्यावरही तूट चालू ठेवली तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं, केस गळतात, पाळी अनियमित होते, थंडी जास्त वाजते, झोप उडते. मात्र तूट एका दिवसात भरून काढायची नाही. मी दर पंधरा दिवसांनी साधारण १०० ते १५० कॅलरी वाढवल्या. पहिल्या पंधरवड्यात दुपारच्या डब्यात अर्धी भाकरी आणि थोडी उसळ आली. दुसऱ्यात रात्रीच्या सूपच्या जागी वाटीभर घट्ट वरण. तिसऱ्यात चार वाजता मूठभर फुटाणे. असं करत वजन दोन-तीन आठवडे एका जागी ठरेपर्यंत जायचं. अशाने चयापचय पेटून उठतं वगैरे सांगितलं जातं, त्याला भक्कम पुरावा नाही. याचा फायदा वेगळा आहे: आपल्या नव्या शरीराला नेमकं किती लागतं ते सापडतं, आणि एकदम सुटण्याची वेळ येत नाही.

या काळात काट्यावर एक-दोन किलो वाढलेले दिसतात आणि बहुतेक जण इथेच घाबरतात. मीही घाबरले होते. पिठूळ पदार्थ पुन्हा पुरेसे खाल्ले की स्नायू आणि यकृत साखरेचा साठा भरून घेतात. त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. ते वजन चरबीचं नसतं. ते आलं म्हणून परत सूपवर जाऊ नका.

आता प्रथिनं. सोलापुरी शाकाहारी ताटात सगळ्यात मोठी उणीव इथे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी मानतात. वजन बरंच उतरलेल्या, स्नायू सांभाळायचे असलेल्या माणसाला आहारतज्ज्ञ साधारण १.२ ग्रॅम किंवा थोडी जास्त सांगतात. ७० किलोंना ८४ ग्रॅम. ऐकायला सोपं वाटतं, पण मोजून पाहा. दिवसाच्या तीन भाकऱ्यांतून १८ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ, त्यातून १४. वाटीभर दही ६, पेलाभर दूध ६, दोन चमचे शेंगा चटणी ५. झाले ४९. उरलेले ३५ कुठून आणायचे? मी दोन अंडी खाते (१२), ५० ग्रॅम पनीर (९) आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी (१५). अंडी न खाणाऱ्यांनी डाळ-उसळीची तिसरी वाटी आणि जास्तीचं दही घ्यावं. मटण-चिकन खाणाऱ्यांचं काम सोपं आहे, फक्त तर्रीवरचं तेल बाजूला करायचं. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नाहीत.

आणि 'घट्ट' हा शब्द मी मुद्दाम वापरते. आपल्याकडे वरण ताटात वाहत जाईल इतकं पातळ करायची सवय असते. त्यात पाणीच जास्त. वाटी भरते, प्रथिनं निम्मीसुद्धा पोटात जात नाहीत.

शेंगा चटणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सोलापुरात वजनाचा विषय निघाला की पहिला बळी तिचाच जातो. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसूण आणि लाल तिखटाची ही चटणी सोडली तर जेवल्यासारखंच वाटत नाही, आणि जे सोडून जेवल्यासारखं वाटत नाही ते फार दिवस सोडता येत नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, चरबीही बहुतांशी चांगल्या जातीची. अडचण फक्त मापाची. दोन सपाट चमचे म्हणजे साधारण २० ग्रॅम, ११० कॅलरी. त्यावर तेलाची धार सोडली की एका छोट्या चमच्याला आणखी ४५. तेलाऐवजी दही घ्या. चटणीची बरणी ताटाशेजारी ठेवू नका, चटणी वाढून घ्या आणि बरणी फळीवर परत जाऊ द्या. मी एवढाच बदल केला आणि चटणी एकही दिवस सोडली नाही.

कडक भाकरीचं तसंच आहे. पातळ, कुरकुरीत, हातात घेऊन गप्पा मारत मोडत बसायची. बोलता बोलता तीन संपतात आणि मन म्हणतं, आज भाकरी खाल्लीच नाही. ती भाकरीच आहे, तिच्यातही तेवढंच पीठ गेलेलं असतं. वाफेची मऊ भाकरी आणि भाजी यांनी पोट लवकर भरतं, कारण त्यात पाणी असतं आणि चावायला वेळ लागतो.

भाजी मात्र मापात खायची गरज नाही. ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर, मेथी-पालक-चाकवत यांचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. ४०० ग्रॅम भाजी एकदा तराजूत तोलून बघा. आपण ज्याला 'भरपूर भाजी' म्हणतो ती त्याच्या निम्मीही भरत नाही. थोड्या कॅलरीत पोट भरणं म्हणतात ते यातूनच साधतं. फळात डाळिंब तर आपल्या दारातलं. दाणे चावून खावेत, रस काढून नको, कारण रस काढताना चोथा निघून जातो आणि दोन-तीन डाळिंबांची साखर एका घोटात पोटात जाते.

उपवासाचे दिवस. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी अनुभवातून केली आहे. साबुदाण्यात पिष्टमयाशिवाय जवळजवळ काही नाही. वर शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा. आषाढीला माझ्या सासूबाई आता माझ्यासाठी भगर, दही आणि राजगिऱ्याची भाकरी करतात. सुरुवातीला त्यांना वाईट वाटलं होतं, मग त्यांनाही ते पोटाला हलकं वाटायला लागलं.

सणांना मी घाबरत नाही. याचा हिशेब सोपा आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. वेळा अमावस्येला शेतात बसून भज्जी, आंबील, उंडे पोटभर खाल्ले, गड्ड्याच्या जत्रेत भजी आणि वर आइस्क्रीम झालं, तरी त्या दिवशी समजा १,५०० कॅलरी जास्त गेल्या, तर चरबी वाढली २०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलो दिसेल, तो मीठ-पाण्याचा. खरं नुकसान सणाच्या दिवशी होत नाही. 'आता बिघडलंच आहे तर' असं म्हणत पुढचे बारा दिवस जे चालतं त्याने होतं. माझी दिवाळी अशीच भाऊबीजेनंतर संपली नव्हती.

पाय आणि हात

वजन उतरवताना ताटाचा वाटा मोठा असतो. टिकवताना हालचालीचा वाटा मोठा होतो. वर सांगितलेल्या त्याच १४ स्पर्धकांची नंतर आणखी एक पाहणी झाली. ज्यांचं वजन सहा वर्षांनी टिकलं होतं त्यांची हालचाल सुरुवातीच्या मानाने १६० टक्क्यांनी वाढलेली होती, ज्यांचं परत आलं त्यांची ३४ टक्क्यांनी. खाण्यात दोन्ही गटांत तसा फरक नव्हता. मला हे वाचून धक्काच बसला होता, कारण ६७ ला पोचल्यावर मला वाटलं होतं की आता चालणं थोडं कमी झालं तरी चालेल.

शिवाय तेच चालणं आता कमी खर्चाचं होतं. संभाजी तलावाच्या बाजूला मी रोज ४५ मिनिटं चालायचे. ९८ किलो घेऊन चालताना जेवढी ऊर्जा जायची, त्याच्या दोन-तृतीयांशच ६७ किलोंना जाते. म्हणजे नियम पाळूनही एक तृतीयांश मेहनत गळून गेलेली असते. ती भरून काढायला वेळ वाढवावा लागतो, किंवा वेग, किंवा चढ. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या क्रीडावैद्यकातल्या संस्थेने २००९ मध्ये उतरलेलं वजन टिकवण्यासाठी आठवड्याला २०० ते ३०० मिनिटांची हालचाल सुचवली होती. म्हणजे रोज ३० ते ४५ मिनिटं, शिवाय दिवसभराचं उठणं-बसणं वेगळं. आपलं ऊन लक्षात घेता मार्च ते जून पहाटे साडेपाचलाच बाहेर पडायचं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की संध्याकाळी सहालाही डांबरातून वाफ येते. घाम गेल्याने काटा एक किलो कमी दाखवतो, त्याने हुरळून जायचं नाही. ताक, पाणी, लिंबू-मीठ घ्यायचं.

आता जोर-बैठका. हा भाग बायका सगळ्यात जास्त टाळतात आणि मी तोच हात जोडून सांगेन. उतरलेल्या वजनात साधारण पाव भाग चरबीशिवायचा असतो, त्यात स्नायू आले. माझ्या ३१ किलोंत सात-आठ किलो तसे गेले असणार. परत आलेले ८ किलो मात्र बहुतेक चरबीच होती. उतरताना स्नायू जातात आणि चढताना चरबी येते, म्हणून दर चक्रागणिक शरीर दुबळं होत जातं. चाळिशीनंतर हाडंही ठिसूळ व्हायला लागतात, आणि वजन उतरल्यावर त्यांच्यावरचा भार कमी होऊन ती आणखी विरळ होतात. हाडांना आणि स्नायूंना 'तुमची गरज आहे' हे सांगायचा एकच मार्ग आहे, त्यांच्याकडून वजन उचलून घेणं.

त्यासाठी जिमच हवी असं नाही. एका जिममध्ये मी थकवा सांगितला तर तिथल्या ट्रेनरने 'आणखी अर्धा तास ट्रेडमिल करा' असं सांगितलं होतं. ते माझ्या उपयोगाचं नव्हतं. मी घरीच सोमवारी, गुरुवारी आणि जमलं तर शनिवारी करते. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, तीच पुढे बैठक होते. भिंतीला हात लावून जोर, मग ओट्याला, मग जमिनीवर. पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो, तो दोन्ही हातांनी ओढून कमरेपर्यंत आणणं. पालथं झोपून कोपरांवर शरीर तोलणं. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. बारा वेळा सहज झालं की वजन थोडं वाढवायचं. ते वाढवत राहणं महत्त्वाचं, तेच ते वजन वर्षभर उचललं तर स्नायूला वाढायचं कारण उरत नाही. आमच्या शेजारच्या तेलुगू अक्का बासष्ट वर्षांच्या आहेत, आयुष्य विड्या वळण्यात गेलं. त्या माझ्याबरोबर खुर्चीवरून उठायच्या बैठका करतात आणि आता जिना चढताना कठड्याला हात लावत नाहीत.

गुडघ्यांचं एक सांगते. वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. त्यामुळे वजन उतरल्यावर पळावंसं वाटतं, आणि ते वाटणं फार सुंदर असतं. पण स्नायूबंध हळूहळूच तयार होतात. पहिले दोन महिने मिनिटभर पळणं आणि तीन मिनिटं चालणं, एवढ्यावरच थांबा.

काटा, टेप आणि लोकांचं बोलणं

रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करते आणि वहीत लिहिते. रोजच्या आकड्याकडे बघत नाही, रविवारी सात दिवसांची सरासरी काढते. पाळीच्या आधी, पापड-लोणचं जास्त झालं तर, रात्री उशिरा जेवलं तर किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. सरासरी माझ्या ठरवलेल्या रेषेच्या, म्हणजे ७१ च्या वर दोन आठवडे राहिली की मी लगेच दोन गोष्टी करते: रात्रीची भाकरी एकवर आणते आणि चालणं पंधरा मिनिटांनी वाढवते. दोन किलो परत पाठवणं सोपं असतं, दहा नव्हे. महिन्यातून एकदा कमरेला टेप लावते. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. स्नायू वाढत असतील तर काटा तिथेच राहतो आणि टेप कमी होते. ज्यांना रोजच्या आकड्याने दिवसभर घोर लागतो त्यांनी आठवड्यातून एकदाच वजन करावं.

रेष कुठे आखायची? मी ती ६७ वर आखली नाही. ६७ टिकवायला मला कायम अर्धपोटी राहावं लागत होतं. ७० ला मी पोटभर जेवते, नीट झोपते, वर्गात उभी राहते. सगळ्यात खालचा आकडा एकदा गाठला म्हणून तिथेच राहायचं बंधन नाही.

वजन उतरल्यावर लोक काळजीने विचित्र बोलतात. 'गाल बसले की गं.' 'शुगर निघाली का?' लग्नात पंगतीला 'आता तर बारीक झालीस, एक शेंगापोळी आणखी घे.' याने खरंच फरक पडतो, कारण आपलं मनही तेच म्हणत असतं. मी 'वाढा, पण अर्धी' असं म्हणायला शिकले. नाही म्हटलं की आग्रह वाढतो, अर्धी म्हटलं की वाढणाऱ्याचा मान राहतो.

केसांचं आणि कातडीचं थोडक्यात. वेगाने वजन उतरल्यावर दोन-चार महिन्यांनी केस गळतात आणि प्रथिनं, लोह नीट मिळालं तर पुढच्या काही महिन्यांत ते बहुतेक परत येतात. दंडाची, पोटाची सैल कातडी मात्र कुठल्याही तेलाने किंवा मलमाने आवळत नाही. वर्ष-दोन वर्षांत थोडी सावरते, स्नायू भरले की थोडी झाकली जाते. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर निदान सहा महिने वजन स्थिर राहिल्यावरच तिचा विचार करतात.

गोळ्या, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया

ज्यांनी सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी वजन उतरवलंय त्यांनी ती मनाने बंद करू नयेत. एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांनी हे औषध थांबवल्यावर लोकांचं उतरलेलं दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. औषधाने दाबलेली भूक औषध थांबलं की उठते. म्हणून ती चालू असतानाच प्रथिनं आणि बैठका यांची सवय लावून घ्यायची, आणि मात्रा कमी करायची की चालू ठेवायची ते डॉक्टरांनी ठरवायचं. वजन उतरवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं आणि रक्त ठरावीक काळाने तपासून घ्यावं लागतं. बरं वाटतंय म्हणून दोन वर्षांनी गोळ्या सोडल्या की हातापायांना मुंग्या येईपर्यंत कळत नाही.

आणि ज्यांना आधीपासून रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा परिच्छेद घरातल्यांनाही वाचून दाखवावा. तुमच्या गोळीची मात्रा जड शरीरासाठी ठरवलेली होती. वजन उतरलं की रक्तदाब उतरतो, साखर उतरते, आणि तीच गोळी जास्त होते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. थायरॉइडच्या गोळीचीही मात्रा बदलावी लागू शकते. दर पाच-सहा किलोंमागे एकदा डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने गोळी अर्धी करू नका, पण विचारायला उशीरही करू नका.

फळ्यावर लिहून वळताना मला जी अंधारी यायची ती मी अशक्तपणाची समजत होते. पोत्याने खजूर खाल्ला, लोहाच्या गोळ्या घेतल्या. शेवटी डॉक्टरांनी झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब मोजला तेव्हा उभं राहिल्यावर तो एकदम खाली येत होता. ९८ किलोंची असताना लिहून दिलेली गोळी मी ६७ किलोंनाही तशीच घेत होते. त्यांनी ती आधी अर्धी केली, दोन महिन्यांनी बंद केली. आता दर रविवारी वजनाची सरासरी काढली की त्याच पानावर शेजारच्या रकान्यात बीपी लिहिते.